कोळशाच्या अस्ताची दृश्यभाषा : रूर प्रदेशातील सौरघट, पिक्सेल आणि स्मृती

१

२१ डिसेंबर २०१८ रोजी जर्मनीतील बोट्रोप ह्या गावी प्रॉस्पर-हानिएल खाणीतून वर आलेल्या कामगारांनी दगडी कोळशाचा एक तुकडा राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर ह्यांच्या हाती दिला. रूर प्रदेशातीलच नव्हे, तर सबंध जर्मनीतील दगडी कोळशाच्या खाणकामाची ही अखेर होती. हा तुकडा जळण्यासाठी वर काढलेला नव्हता. दीडशेहून अधिक वर्षे ज्या पदार्थाचे मूल्य त्याच्या जळण्यात होते, तो पदार्थ त्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर निव्वळ चिन्ह झाला. वस्तू व्यवहारातून बाहेर पडली आणि अर्थाच्या व्यवस्थेत शिरली, असे म्हणता येईल. ह्या स्थित्यंतराचा इतिहास मात्र त्या दिवशी सुरू होत नाही. कोळसा संपण्याच्या कितीतरी आधी त्याची प्रतिमा घडवली गेली होती, आणि कोळशाच्या जागी येऊ घातलेल्या सूर्याची प्रतिमाही प्रत्यक्ष वीज पुरेशी निर्माण होण्यापूर्वीच उभी राहिली होती.

प्रस्तुत निबंधाचा विषय ही प्रतिमांची घडण आहे. ‘कोळशाकडून सूर्याकडे’ ह्या सूत्राने सांगितले जाणारे रूरचे कथन आज जगभरच्या कोळसाप्रदेशांना आदर्श म्हणून दाखवले जाते. छायाचित्रे, संगणकीय चित्रसंग्रह, प्रकाशरचना, सौर छपरे आणि मुलाखतींचे डिजिटल संचय ह्यांनी ते कथन रचले. ‘डिजिटल कला’ ही संज्ञा येथे मी जाणूनबुजून सैल अर्थाने वापरतो. केवळ संगणकावर निर्माण झालेली कलाकृती एवढाच तिचा अर्थ घेतला, तर ज्या जुन्या दृश्यभाषेतून ती निपजली त्या भाषेकडे दुर्लक्ष होते. आणि प्रश्न नेमका त्या वारशाचाच आहे. समुदायाचे श्रम दिसण्यासाठी जी दृश्यभाषा घडली, ती श्रम नाहीसे झाल्यावर काय दाखवते?

२

ह्या प्रश्नाची मुळे १९२७ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी एसेन शहराच्या सांस्कृतिक धुरीणांनी बेर्टोल्ट ब्रेख्त, संगीतकार कुर्ट वाइल आणि चित्रपटकार कार्ल कोख ह्या तिघांकडे ‘रूर-महाकाव्य’ रचण्याचे काम सोपवले. शब्द, संगीत आणि पडद्यावरील चलच्चित्रे एकत्र आणून खाणी व पोलादभट्ट्यांच्या प्रदेशाचे समकालीन महाकाव्य रंगमंचावर आणावे, अशी ती कल्पना होती. प्रकल्प तडीस गेला नाही. आजच्या बहुमाध्यमी कलेचा विचार करताना ह्या फसलेल्या आरंभाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढे चारच वर्षांनी, १९३१ मध्ये, ब्रेख्तने छायाचित्राविषयी जी शंका उपस्थित केली तिच्यात एसेनच्याच क्रुप कारखान्याचे उदाहरण आले. कारखान्याच्या इमारतीचे छायाचित्र त्या संस्थेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण तिच्यातील मानवी संबंध गोठून वस्तुरूप झालेले आहेत, असा त्या शंकेचा आशय. त्याच वर्षी वाल्टर बेन्यामिनने छायाचित्रणाच्या इतिहासावरील आपल्या छोटेखानी निबंधात ती उचलून धरली, आणि तेव्हापासून ती सिद्धांतचर्चेत फिरते आहे. एवढे असूनही ती कोणत्या भूमीविषयी आहे ह्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. ती अमूर्त ‘वास्तवा’विषयी नाही, ती रूरच्या कारखान्याविषयी आहे.

ब्रेख्तच्या शंकेला रूरमधल्या कलावंतांनी दिलेली उत्तरे पुढील अर्धशतकात दोन दिशांनी गेली. एक दिशा चेहऱ्यांची. १९५८ मध्ये छायाचित्रकार शार्गेसहायमर ह्याचा ‘इम रूरगेबीट’ हा ग्रंथ हाइनरिश ब्योलच्या मजकुरासह प्रसिद्ध झाला, आणि प्रदेशातील नगरपालिकांचे पुढारी संतापले. काजळी, थकलेले चेहरे, धुराने झाकलेल्या वसाहती ही आपली ओळख नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ह्या वादाचा काळ बोलका आहे. त्याच वर्षी स्वस्त खनिज तेल व आयात कोळसा ह्यांच्यामुळे विक्री न झालेल्या कोळशाचे ढीग खाणींवर साचू लागले आणि पश्चिम जर्मनीतील कोळसा-संकटाला तोंड फुटले. १९५७ मध्ये तेथील दगडी कोळशाच्या उद्योगात सुमारे सहा लाख माणसे कामाला होती. ती संख्या पुन्हा कधीही गाठली गेली नाही. म्हणजे प्रतिमेचा वाद आणि पायाखालच्या जमिनीचे सरकणे एकाच वेळी घडत होते, आणि पुढाऱ्यांना राग आला तो मात्र प्रतिमेचा. १९६१ मध्ये विली ब्रांट ह्यांनी रूरवरचे आकाश पुन्हा निळे व्हावे अशी मागणी निवडणुकीच्या प्रचारात केली, तेव्हा त्या निळ्या आकाशाखाली किती खाणी उरतील हा प्रश्न कोणी विचारला नाही.

चेहऱ्यांकडून आवाजांकडे जाण्याचे श्रेय साहित्याला दिले पाहिजे. डॉर्टमुंड येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रुपे ६१’ ह्या मंडळाने औद्योगिक श्रमाचे जग साहित्यात आणण्याचा प्रयत्न केला. ग्रंथपाल फ्रिट्स ह्यूझर आणि स्वतः खाणकामगार असलेला कादंबरीकार माक्स फॉन डेर ग्र्यून हे त्यातले अग्रणी. फॉन डेर ग्र्यूनची १९६३ची कादंबरी ‘इरलिश्ट उंट फॉयर’ भूमिगत यंत्रांच्या वर्णनामुळे न्यायालयात ओढली गेली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला त्या वर्णनात आपली बदनामी दिसली. वाङ्मयीन वास्तववादाला ह्याहून मोठी पावती ती कोणती!

परंतु अधिक मूलगामी पाऊल एरिका रुंगे हिने १९६८ मध्ये उचलले. ‘बोट्रोपर प्रोटोकोले’ ह्या तिच्या पुस्तकात बोट्रोपमधील माणसांची ध्वनिफितीवर घेतलेली निवेदने आहेत. कामगार समितीचा पदाधिकारी, साफसफाई करणारी स्त्री, पाद्री, शिक्षक असे लोक आपापल्या बोलीत, अडखळत, विषय सोडून भरकटत, पुन्हा मुद्द्यावर येत बोलतात. नुकत्याच बंद झालेल्या खाणीची छाया सगळ्यांवर आहे. प्रस्तावना मार्टिन वाल्झर ह्यांची. हे पुस्तक दस्तऐवजी साहित्याचा मानदंड ठरले; पण त्यातील ‘अस्सल’ आवाज हा फितीची कापाकापी, क्रमबदल, लेखी रूपांतर ह्यांतून तयार झालेला होता. रुंगेने स्वतःच १९७६ मध्ये दस्तऐवजी साहित्याचा निरोप घेताना ह्या पद्धतीच्या मर्यादांची चर्चा केली. आपल्याकडे आत्मकथनांच्या संदर्भात ‘अनुभवाची प्रामाणिकता’ ह्या निकषावर जो काथ्याकूट झाला, त्या वेळी संकलनाच्या तंत्राकडे इतक्या थंडपणे पाहिले गेले नाही हे येथे नमूद करावेसे वाटते. ध्वनिफीत कापून सांधणे आणि चित्रातले पिक्सेल हलवणे ह्यांत जातीचा फरक नाही, वेगाचा व खुणा लपवण्याच्या क्षमतेचा आहे. डिजिटल प्रतिमेच्या ‘खोटेपणा’विषयी आज जी हळहळ व्यक्त होते तिला हा जुना संदर्भ जोडला, तर ती बरीच ओसरावी.

३

दुसरी दिशा वस्तूंची, आणि तिचे प्रतिनिधी बेर्न्ट व हिला बेशर हे दांपत्य. शाफ्टवरील चाकमनोरे, पाण्याच्या टाक्या, वायूच्या टाक्या, झोतभट्ट्या ह्यांची छायाचित्रे त्यांनी १९५९ पासून काही दशके घेतली. पद्धत ठरलेली : मोठ्या आकाराचा कॅमेरा, काळेपांढरे माध्यम, समोरून व किंचित उंचावरून घेतलेले दृश्य, सावल्या पडू नयेत म्हणून ढगाळ आकाशाची वाट पाहणे, आणि चौकटीत माणूस येऊ न देणे. मग एकाच प्रकारच्या वास्तूंची नऊ, बारा वा पंधरा छायाचित्रे जाळीसारखी एकत्र मांडणे. १९७० मध्ये त्यांच्या पहिल्या पुस्तकाला ‘अनामिक शिल्पे’ असे नाव मिळाले. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जो सुवर्णसिंह मिळाला, तो छायाचित्रणासाठी नव्हे, शिल्पकलेसाठी.

बेशरांच्या जाळीमांडणीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो सहज झटकण्याजोगा नाही. माणूस, कामाचे तास, मालकी, अपघात हे सारे वगळून त्यांनी ब्रेख्तच्या शंकेवर शिक्कामोर्तबच केले, असा तो आक्षेप. मला तो अर्धाच पटतो. एकटे छायाचित्र गप्प राहते हे खरे. पण पंधरा छायाचित्रे शेजारी ठेवली की एक व्याकरण दिसू लागते. एका मनोऱ्याचे तंगड्यांसारखे दोन तिरपे आधार कोणत्या बाजूला आहेत ह्यावरून दोर ओढणारे यंत्र कोठे असेल ते कळते. शाफ्टची खोली वाढली की चाकांची रचना बदलते. म्हणजे भूगर्भातली प्रक्रिया पृष्ठभागावरील आकारातून वाचता येते. संरचनावादाच्या भाषेत सांगायचे तर अर्थ एकेका पदात नाही, पदांमधील भेदांत आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९६९ मध्ये डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीचे युगेंटश्टील शैलीतील यंत्रदालन पाडण्याचे घाटत होते, ते वाचवण्याच्या खटपटीत बेशरांची छायाचित्रे कामी आली. औद्योगिक वास्तूला सांस्कृतिक वारसा मानण्याची जर्मनीतील चळवळ तेथून जोर धरते. ‘तटस्थ’ प्रतिमेने येथे प्रत्यक्ष हस्तक्षेप केला.

१९७६ पासून बेर्न्ट बेशर ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी आंद्रेआस गुर्स्की ह्याने १९९०च्या दशकापासून चित्रे संगणकावर सांधायला सुरुवात केली. त्याचे २००८ मधील ‘हाम, बेर्गवेर्क ओस्ट’ हे मोठ्या आकाराचे रंगीत छायाचित्र आपल्या विषयाच्या मर्मस्थानी आहे. खाणीतील कपडे बदलण्याच्या दालनाचे हे दृश्य. रूरमध्ये ह्या दालनाला ‘काउए’ म्हणतात. तेथे कपाटे नसतात; प्रत्येक कामगाराची एक साखळी व आकडा असतो, कपडे आकड्याला अडकवून साखळी ओढली की ते उंच छताशी जातात आणि उबदार हवेत सुकतात. गुर्स्कीच्या चित्रात कपड्यांचे हे घोस वरून लोंबतात आणि चौकट भरून टाकतात. माणूस नाही, पण माणसाचा आकार शेकडो वेळा आहे. बेशरांनी चौकटीबाहेर ठेवलेला कामगार त्यांच्या शिष्याने आत घेतला तो त्याच्या रिकाम्या कपड्यांच्या रूपाने. हामची ती खाण दोन वर्षांनी, २०१० मध्ये, बंद झाली. चित्र काढले तेव्हा त्या कपड्यांत माणसे रोज शिरत होती ही गोष्ट आज चित्र पाहताना विसरायला होते; आपण ते मृत्युलेखासारखे वाचतो. डिजिटल सांधकामाचा परिणाम येथे ‘खोटे’ दाखवण्यात झालेला नाही. एका दालनातील तुरळक वास्तवाला त्याने सामूहिकतेची घनता दिली आहे, आणि ती देताना व्यक्तीची खूण पुसली आहे. प्रत्येक आकड्याला क्रमांक असे, प्रत्येक क्रमांकाला नाव असे. चित्रात क्रमांकही उरत नाहीत.

४

आता सूर्याकडे वळू. १९८९ ते १९९९ ह्या काळात नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या शासनाने कार्ल गान्झर ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘एम्शर पार्क आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन’ राबवले. नाव प्रदर्शनाचे असले तरी ती सुमारे १२० प्रकल्पांची प्रादेशिक पुनर्रचना होती. बंद खाणी न पाडता त्यांना नवे उपयोग व नवे अर्थ द्यायचे, हे तिचे सूत्र. खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या डोंगरांवर शिल्पे उभी राहिली : बोट्रोपला १९९५ मध्ये वोल्फगांग क्रिस्ट ह्यांचा पोलादी टेट्राहेड्रॉन, एसेनला १९९८ मध्ये रिचर्ड सेरा ह्यांची पोलादाची उभी लादी. फ्रिट्स शुप व मार्टिन क्रेमर ह्या वास्तुविशारदांनी रचलेला, १९३२ मध्ये सुरू झालेला आणि १९८६ मध्ये थांबलेला त्सोलफेराइन खाणीचा बारावा शाफ्ट २००१ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला.

ह्याच काळात गेल्सनकिर्शेन ह्या शहराने स्वतःचे नाव बदलले, म्हणजे बिरुद बदलले. कोकभट्ट्यांच्या ज्वाळांमुळे ‘हजार आगींचे शहर’ म्हणवणारे हे गाव आता ‘हजार सूर्यांचे शहर’ म्हणवू लागले. रूपकाची ही अदलाबदल किती सफाईदार आहे पाहा. संख्या तीच, शहर तेच, फक्त आगीच्या जागी सूर्य. रूपकातील सातत्य वास्तवातील खंड झाकते. १९९५ मध्ये तेथे जुन्या ओतीव पोलादाच्या कारखान्याच्या जागेवर काचेच्या लांबलचक दालनाचे ‘विज्ञान उद्यान’ झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या छपरावर २१० किलोवॅट क्षमतेचे सौरविद्युत केंद्र आले. सौरघट तयार करणारा कारखानाही १९९९ मध्ये शहरात सुरू झाला. परंतु एका दशकानंतर जर्मन सौर उत्पादनाचा डोलारा कोसळू लागला. २०१२ मध्ये क्यू-सेल्स, २०१७ मध्ये बॉनची सोलारवर्ल्ड ह्या नावाजलेल्या कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. ज्या खाणकामगारांच्या नातवंडांना सूर्यावर रोजगार मिळेल असे हे रूपक सुचवत होते, त्या नातवंडांपर्यंत तो रोजगार फारसा पोहोचलाच नाही. छपरावरची वीज तयार होत राहिली. घट बनवण्याचे काम चीनमध्ये गेले.

हेर्ने शहरातील मों-सेनी अकादमी ह्या संदर्भात विशेष अभ्यासण्याजोगी आहे. १९७८ मध्ये बंद पडलेल्या मों-सेनी खाणीच्या जागी १९९९ मध्ये जुर्दा व पेरोदें ह्या फ्रेंच वास्तुविशारदांच्या आराखड्याप्रमाणे १७६ मीटर लांब, ७२ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच अशी लाकूड व काचेची पेटी उभी राहिली. तिच्या पोटात ग्रंथालय, प्रशिक्षणकेंद्र व सभागृह अशा इमारती आहेत. छपरावर व पश्चिमेच्या भिंतीवर मिळून सुमारे एक मेगावॅट क्षमतेचे सौरघट बसवले गेले. इमारतीतच सामावलेले एवढे मोठे सौरकेंद्र त्या वेळी जगात दुसरे नव्हते. घटांची घनता सगळीकडे सारखी नाही. काही तावदानांत ते दाट, काहींत विरळ, आणि त्यांची रचना ढगांच्या आकाराची आहे. त्यामुळे आत ढगाळ दिवसासारखी सावली पडते. प्रत्येक घट म्हणजे एक काळसर चौकोन, आणि अशा चौकोनांच्या दाट-विरळ मांडणीतून आकृती उमटते. संगणकाच्या पडद्यावरील चित्र ज्या तत्त्वावर सिद्ध होते तेच हे तत्त्व. हे छप्पर म्हणजे एक प्रचंड पिक्सेल-चित्र आहे, फक्त ते वीज खात नाही, देते.

येथे थांबून विचारावेसे वाटते : सौर छपराला ढगांचे चित्र व्हावे असे का वाटले? बेशर ढगांची वाट पाहत, कारण ढगाळ प्रकाशात वस्तू स्वतःचा आकार स्पष्टपणे सांगते. चाकमनोऱ्याला चित्र होण्यासाठी दुसऱ्या कशाचे सोंग घ्यावे लागत नव्हते. चाक फिरते आहे म्हणजे खाली माणसे उतरत आहेत, चाक थांबले म्हणजे पाळी संपली किंवा काही विपरीत घडले, हे गावातील पोरालाही कळे. चाकमनोरा हे चिन्हमीमांसेच्या परिभाषेत निर्देशक चिन्ह होते, कारण त्याचा आपल्या अर्थाशी कार्यकारणाचा संबंध होता. सौरघटाचे तसे नाही. त्यात काही हलत नाही, धूर नाही, आवाज नाही, पाळी नाही. तो चालू आहे की बंद हे पाहून सांगता येत नाही. त्याने आपली प्रक्रिया सर्वस्वी गिळून टाकली आहे. कारखान्याचे छायाचित्र जवळजवळ काहीच सांगत नाही असे ब्रेख्त म्हणाला; सौर पॅनेलचे छायाचित्र त्याहूनही कमी सांगते. म्हणून ह्या वस्तूला दृश्य अर्थ हवा असेल तर तो बाहेरून उसना आणावा लागतो, ढगांकडून, हजार आगींच्या जुन्या बिरुदाकडून, किंवा ज्या खाणीवर ती उभी आहे त्या खाणीकडून. ‘ऊर्जासंक्रमणाची कला’ म्हणून जे दाखवले जाते त्यातील बहुतेक प्रतिमा सूर्याच्या नसून कोळशाच्या का असतात, ह्याचे एक उत्तर माझ्या मते येथे आहे. ते केवळ गतकातर मनोवृत्तीत शोधणे पुरेसे नाही. नव्या ऊर्जेच्या दृश्यदारिद्र्यातही ते शोधले पाहिजे.

मों-सेनीच्या आवारातील आणखी एक तपशील ह्या कथनाला तडा देतो. जुन्या खाणीतून झिरपणारा मिथेन वायू तेथे जाळून वीज व उष्णता निर्माण करण्यात आली. जर्मनीच्या २००० सालच्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने सूर्य, वारा, जैवभार ह्यांच्या बरोबरीने ह्या खाणवायूलाही अनुदानाच्या दरात स्थान दिले. खाणवायू कोणत्याही व्याख्येने नवीकरणीय नव्हे. तो कोळशाचाच उच्छ्वास आहे. पण कायद्याच्या संहितेत तो सूर्याच्या पंक्तीला बसला. संक्रमणाचे कथन आपल्या सोयीसाठी सीमारेषा कशा आखते ह्याचा इतका निरागस नमुना क्वचितच सापडेल.

५

पीटर लीट्के ह्या छायाचित्रकाराच्या पुढाकाराने २००३ च्या सुमारास सुरू झालेला ‘पिक्सेलप्रोयेक्ट रूरगेबीट’ हा डिजिटल छायाचित्रसंग्रह स्वतःला प्रदेशाची स्मृती म्हणवतो. जुन्या-नव्या छायाचित्रकारांच्या शेकडो मालिका त्यात संगणकावर पाहता येतात, आणि दरवर्षी नव्याने स्वीकारलेल्या मालिकांचे प्रदर्शन गेल्सनकिर्शेनच्या त्याच विज्ञान उद्यानात, सौरघटांच्या छपराखाली, भरत आले आहे. स्थळाचा हा योग मुद्दाम जुळवलेला नसेलही, पण तो अर्थपूर्ण आहे. ह्या संग्रहाचे बलस्थान असे की तो बेशरांची वस्तूंची दिशा आणि शार्गेसहायमरची चेहऱ्यांची दिशा ह्यांना एका ठिकाणी आणतो. त्यात वसाहतींची आवारे, कबुतरे पाळणारे निवृत्त कामगार, चौकातली छोटी दुकाने, मशिदी, फुटबॉलची मैदाने असे विषय खाणींच्या शेजारी येतात. आरंभ व शेवट असलेली कथा सांगण्याऐवजी ते सारे शोधता येण्याजोग्या नोंदींच्या स्वरूपात ठेवले जाते.

ह्या ठेवणीचेही स्वतःचे राजकारण आहे. संग्रहात मालिकेचा कर्ता म्हणून छायाचित्रकाराचे नाव असते. चित्रातल्या माणसाचे नाव असेलच असे नाही. रुंगेच्या पुस्तकात माणसांची आडनावे आद्याक्षरांपुरतीच होती, पण त्यांची वाक्ये त्यांचीच होती. तेथे माणूस नावाविना बोलत होता, येथे तो नावाविना दिसतो. रूर विद्यापीठाशी संलग्न संस्थेने पुढे खाणकामगारांच्या चित्रमुद्रित मुलाखतींचा जो डिजिटल संचय उभारला, त्यात चेहरा, आवाज आणि नाव पुन्हा एकत्र आले. त्याला लुट्स नीटहामर ह्यांनी १९८०च्या दशकात रूरमध्ये केलेल्या मौखिक इतिहासाच्या कामाची परंपरा आहे. तरीही ‘समुदाय’ ह्या शब्दाचा परीघ तपासून घ्यावा लागतो. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेले हजारो कामगार ह्याच शाफ्टमधून खाली उतरले. तुर्की कादंबरीकार फकीर बायकुर्त ड्युइसबुर्गला स्थायिक झाला आणि त्या शहरावर त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या तुर्कीत असल्याने ‘रूरचे साहित्य’ ह्या सदरात त्या पुष्कळदा दिसत नाहीत. स्मृतीचा संग्रह कितीही मोठा झाला तरी तो कोणत्या भाषेत धुंडाळता येतो ह्यावर त्याची व्याप्ती ठरते.

ह्या पार्श्वभूमीवर २०१० आणि २०१८ ह्या वर्षांतील दोन कलाकृती वेगळ्या उठून दिसतात. रूर प्रदेश युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, २०१० च्या मे महिन्यात, ‘शाख्टत्साइशेन’ ह्या उपक्रमात जुन्या शाफ्टच्या जागांवर तीनशेहून अधिक पिवळे फुगे सुमारे ८० मीटर उंच सोडण्यात आले. खाली वाहनतळ असेल, शाळा असेल, मोकळे शेत असेल, वर फुगा. प्रतिमा जिथे नव्हती तिथे तिने केवळ स्थान दाखवले, आणि भूगर्भाचा नकाशा आकाशात उलटा उमटला. संख्येचा इतका थेट प्रत्यय कोणत्याही संगणकीय संग्रहाने दिलेला नाही. वारा आला की फुगे खाली घ्यावे लागत, हेही बरेच झाले म्हणायचे.

२०१८ मध्ये प्रदेशातील १७ कलासंग्रहालयांनी ‘कुन्स्ट उंट कोले’ ह्या शीर्षकाखाली एकत्र प्रदर्शने भरवली. त्यात घानाचा कलावंत इब्राहिम महामा ह्याने हेर्ने येथील श्ट्र्युंकेडे किल्ला जुन्या तागाच्या पोत्यांनी गुंडाळला. आशियात विणलेली, घानात आधी कोको व नंतर लाकडी कोळसा वाहण्यासाठी वापरलेली, ठिगळांची आणि शाईच्या खुणांची ही पोती. कोळशाचा निरोप घेणाऱ्या प्रदेशाच्या मध्यभागी, तो इतरत्र अजून पोत्यांत भरला जातो आहे ह्याची ही आठवण होती. त्या वर्षीच्या सोहळ्यांत एवढी सरळ गोष्ट अन्यत्र क्वचितच बोलली गेली.

आणि ती बोलण्याची गरज होती. रूरमधील खाणी सूर्याने बंद पाडल्या नाहीत. १९५८ पासून त्या तोट्यात चालल्या होत्या. २००७ मध्ये केंद्र, राज्य आणि उद्योग ह्यांच्यातील तडजोडीने २०१८ अखेर अनुदान थांबवायचे ठरले, आणि म्हणून त्या थांबल्या. वीजकेंद्रे चालूच राहिली, रशिया, कोलंबिया, अमेरिका येथून जहाजांनी आलेल्या कोळशावर. रूरच्याच सीमेवर डाटेलन येथील चौथा संच मे २०२० मध्ये, म्हणजे शेवटचा तुकडा वर आल्यानंतर दीड वर्षाने, कार्यान्वित झाला. कोळशावरची वीज २०३८ पर्यंत थांबवण्याचा कायदाही त्याच वर्षीचा. पश्चिमेला लिग्नाइटच्या उघड्या खाणीसाठी ल्युत्सेराट हे खेडे जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी रिकामे केले. म्हणजे ‘कोळशाकडून सूर्याकडे’ हे सूत्र ज्याला संक्रमण म्हणते, ते मोठ्या प्रमाणात कोळशाचे स्थलांतर होते. खाण दृष्टीआड झाली. ज्वलन झाले नाही. रूरच्या दृश्यभाषेने खाणकामगाराला निरोप देण्याचे काम मनोभावे केले, पण कोलंबियातील खाणकामगार तिच्या चौकटीत कधी आला नाही.

६

प्रतिमेच्या आवाक्याबाहेरचा आणखी एक भाग जमिनीखाली आहे. शतकभराच्या उत्खननाने रूरची जमीन खचली, काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक. ह्या खचण्यामुळेच एम्शर नदीला शंभर वर्षे उघडे गटार व्हावे लागले, कारण जमिनीखाली घातलेले नळ फुटले असते. ती नदी पुन्हा स्वच्छ करण्याचे काम १९९२ पासून सुमारे तीन दशके चालले. खचलेल्या भागांतून पाणी उपसत राहिले नाही तर प्रदेशाचा मोठा हिस्सा तळे होईल. जुन्या बोगद्यांत साचणारे पाणीही एका पातळीखाली ठेवावे लागते, नाहीतर ते वर येऊन पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची भीती. जर्मन भाषेत ह्या कामाला जो शब्द आहे त्याला मराठीत ‘अनंतकाळची कामे’ असेच म्हणावे लागेल, आणि तो कवींनी नव्हे, हिशेबनिसांनी रुळवला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाकडे २०१९ पासून ह्या कामांचा खर्च आला. मुदत नाही, म्हणून प्रतिष्ठानाला भांडवल गुंतवून त्याच्या उत्पन्नावर पंप चालवावे लागतात.

‘खाणींचा शेवट’ ही कल्पना ज्या कथनावर उभी आहे त्याला हा उपसा मानवत नाही, कारण त्याला शेवट नाही. छायाचित्र क्षण पकडते, प्रदर्शन काळाची मर्यादा आखते, संग्रह नोंद करून मोकळा होतो. अखंड चालणारा पंप ह्यांपैकी कोणत्याच रूपबंधात बसत नाही. त्यात घटना नाही, बदल नाही, आणि तो यशस्वी आहे ह्याचा पुरावा म्हणजे काहीच घडत नाही.

बोखुमच्या रोबेर्ट म्युझर ह्या जुन्या खाणीतून उपसलेले पाणी भूगर्भाच्या उबेने कोमट असते. २०१२ पासून त्यातील उष्णता काढून जवळच्या दोन शाळा आणि शहराचे मुख्य अग्निशमन केंद्र गरम करण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. कोळशाच्या प्रदेशाने कोळशाच्या जागीच मिळवलेली, न जाळता मिळालेली ही ऊर्जा. संक्रमण हा शब्द ज्याला नेमका लागू पडावा असे काही असेल तर ते हे. पाहण्यासारखे त्यात एक नळ, एक उष्णता-विनिमयक आणि एक पंप एवढेच आहे. त्या शाळांतील मुलांना वर्गातली ऊब कोठून येते हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.